चार किलो दोनशे ग्रॅम

तळ्याच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला रखवालदाराची खोली लागते. तिच्या भिंतीवर तेव्हा एक निळी पाटी होती आणि पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या तळ्यातील आजवरचा सर्वांत मोठा मासा : ४ किलो २०० ग्रॅम.' खाली पकडणाऱ्याचं नाव होतं, पण ते उन्हानं पुसट झालं होतं. तशी नावाची कोणाला गरजही नव्हती. सगळं गाव त्या गृहस्थांना 'चार-दोनशे' म्हणूनच ओळखायचं. दूधवाला म्हणायचा, टपालवाला म्हणायचा, आणि बायकोसुद्धा फार चिडली की म्हणायची.

चार-दोनशे वजनमाप कार्यालयात नोकरीला होते. दुकानोदुकानी फिरून तराजू तपासायचे आणि वजनांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. पाच ग्रॅमची खोट निघाली तरी ते चष्मा कपाळावर सरकवून दुकानदाराकडे असे बघायचे की त्या बिचाऱ्याला लहानपणापासूनची सगळी पापं आठवायची. अशा माणसानं माशाचं वजन सांगितल्यावर त्यावर शंका कोण घेणार?

आता खरी गोष्ट सांगायची तर ती अशी. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांच्या गळाला जोराचा हिसका बसला, दोरी तुटली आणि चार-दोनशे चिखलात बसले. गळाला काय लागलं होतं, ते त्यांनी पाहिलंच नाही. मासा असेल, नाहीतर बुडालेलं पोतं असेल. पण चिखलानं भरलेल्या पँटनं रखवालदाराच्या खोलीपाशी आल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं. मासा होता, म्हणाले. केवढा, रखवालदारानं वही उघडत विचारलं. चार किलो हे तोंडातून गेलं ते गेलंच, पण वरचे दोनशे ग्रॅम हा नोकरीचा गुण. आकडा गोल दिसला की संशय घ्यावा, असं त्यांच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्यात तळ्याचा एक नियम त्यांच्या मदतीला धावून आला. दोन किलोच्या आतला मासा रखवालदाराला दाखवून, तोलून घरी न्यायचा. दोन किलोच्या वरचा मात्र वीण वाढावी म्हणून तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा आणि वहीत नुसती नोंद करायची. नियम करणारा माणूस भला असणार, पण त्यानं आयुष्यात गळ टाकणारी माणसं पाहिलेली नसणार. दोन किलोच्या आतला मासा दाखवावा लागतो, वरचा दाखवावा लागत नाही, हे एकदा कळल्यावर त्या तळ्यात दोन किलोच्या आतला मासा कोणाला मिळेनासाच झाला. दातांच्या डॉक्टरांना अडीच किलोचा मिळाला. छापखान्याच्या मालकाला तीनचा. सगळे कसे दयाळूपणे सोडून दिलेले. सहा वर्षांत वहीत तीनशे बारा मोठे मासे जमले, आणि पाण्यात होती बोटाएवढी चिंगळी मासळी. ती गळावरचं आमिष कुरतडून पसार व्हायची, आणि चुकून एखादं हाती लागलंच तर मंडळी 'बाळ आहे, जाऊ दे' म्हणून प्रेमानं पाण्यात सोडायची.

तर असं सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात सासरे राहायला आले.

सासरे म्हणजे गावोगावच्या सुटांच्या अस्तरावर नाव असलेले शिंपी. पंचेचाळीस वर्षं शिवण केलं. सासूबाई गेल्यावर दुकान बंद केलं आणि लेकीकडे आले. बोलणं मोजकं, माणसाकडे बघणंसुद्धा खांद्यापासून सुरू व्हायचं. सदऱ्याच्या कॉलरमध्ये एक सुई कायम टोचलेली असायची, कधी कोणाचं बटण निघालेलं दिसेल सांगता येत नाही म्हणून. आल्या आल्या आठवड्याभरात त्यांनी घरातले पडदे, उशा आणि चार-दोनशेंची कचेरीची बॅग दुरुस्त करून टाकली, आणि मग शिवायला काही उरलं नाही. तेव्हा लेकीनं सुचवलं की बाबा, तुम्ही यांच्याबरोबर तळ्यावर का जात नाही? तरुणपणी नदीवर गळ टाकायचात ना?

सासऱ्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, जावईबापूंच्या तळ्यावर बसायचं म्हणजे भाग्यच. जाता-येता ते निळी पाटी वाचायचे आणि अनोळखी माणसालाही थांबवून सांगायचे की हे आमचे जावई बरं का. चार-दोनशे त्या वेळी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे. दीड महिन्यात त्यांनी ती नाडी इतक्यांदा बांधली की ती तुटली.

सासरे रोज सकाळी बसायचे. बुचाचा तरंगा पाण्यावर, दोरी दोन बोटांत आणि नजर समोर. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, महिना गेला, दीड महिना झाला. एक मासा नाही. चार-दोनशे म्हणायचे, नशिबाचा खेळ आहे. दातांचे डॉक्टर आपल्या अडीच किलोची गोष्ट सांगून धीर द्यायचे, आणि त्या धीरानं म्हातारा आणखी खचायचा.

एका सकाळी चार-दोनशे कचेरीला निघाले, तर सासरे लेकीसमोर सदरा घेऊन उभे. बटण तुटलं होतं. तेवढं लावून देशील का, म्हणाले. पंचेचाळीस वर्षं शिवलेल्या माणसानं बटण लावायला दुसऱ्याकडे दिलं. कॉलरमध्ये सुई नव्हती.

"हात गेले माझे," ते शांतपणे म्हणाले. "मासा दोरीला लागतो आणि मला कळत नाही. इतका मासा आहे त्या तळ्यात, सगळ्यांना मिळतो. बोटांतलंच गेलंय. मग सुई कशाला हातात धरायची?"

चार-दोनशे दारातच थांबले. तळ्यात मासेच नाहीत, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याच्या शेपटाला चार किलो दोनशे ग्रॅम लोंबकळत होते. बायको बटण लावत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती. तिनं न बघणं हे बघण्यापेक्षा वाईट असतं, हे ज्यांना बायको आहे त्यांना सांगायला नको. त्यांनी मनाशी ठरवलं की म्हाताऱ्याला मासा मिळालाच पाहिजे, आणि तोही आपलं नाक शाबूत ठेवून.

पहिला मार्ग सरकारी. अर्धी रजा टाकून ते मत्स्यविभागाच्या कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवर सांगितलं की तळी वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर सांगितलं की नद्या इथे, तळी खालीच. शेवटी जिन्यातच एक अधिकारीबाई भेटल्या. वयानं लहान, बोलायला चटपटीत. चार-दोनशेंनी तळ्यात मत्स्यबीज सोडावं असा अर्ज पुढे केला. बाईंनी फाईल काढली, उघडली आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, तुमच्या तळ्याला बीज कशाला? सहा वर्षांत तीनशे बारा मोठे मासे. एवढी नोंद कुठल्याच तळ्याची नाही. म्हणून तर सहा वर्षं आम्ही तिथलं बीज दुसरीकडे वळवतोय. मग पानं उलटत मागे गेल्या आणि कौतुकानं विचारलं, हे चार किलो दोनशेवाले कोण हो, तुम्हाला माहीत आहेत का?

चार-दोनशे म्हणाले, तोंडओळख आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बाई हुशार आणि कामाच्या. त्या म्हणाल्या, उलट बरं झालं आलात. पुढच्या सोमवारी आम्ही जाळं घेऊन येतो आणि तुमच्याकडचे पन्नास मोठे मासे पकडून बाकीच्या तळ्यांत सोडतो. मागायला गेले बीज आणि वर देऊन आले पन्नास मासे. तेही नसलेले.

दुसरा मार्ग मास्तरांनी सुचवला. मास्तर म्हणजे चार-दोनशेंच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त भूगोलशिक्षक. त्यांनी आयुष्यात मासा फक्त फळ्यावर काढला होता, पण सल्ला द्यायला अनुभव लागतो असं त्यांचं मत नव्हतं. ते म्हणाले, अगदी सोपं आहे. बाजारातून एक जिवंत मासा आणा, सासरे बसतात तिथेच पहाटे सोडा. परक्या पाण्यात तो भांबावेल, भुकेजेल आणि गळाला लागेल. चार-दोनशेंना ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी बादली होती.

मासळीबाजारातल्या बाईनं टाकीतला मोठा मासा काढला, विकला गेल्याची खूण म्हणून शेपटीला सुरीनं एक खाच पाडली आणि तराजूत घातला. दोन किलो तीनशे. तराजूवर चार-दोनशेंचाच शिक्का होता. स्कूटरवर पुढे बादली, बादलीवर बायकोची परात, आणि परातीवर एक पाय, अशा अवस्थेत ते तळ्यावर पोचले. वाटेत खड्ड्यात परात उडाली, मासा उसळला आणि त्यांच्या चेहऱ्यावर शेपटीची एक सणसणीत बसली. त्यांनी ती निमूट सोसली, कारण मनातून वाटत होतं की माशाचं काही चुकलेलं नाही.

काठाशी रखवालदार दात घासत उभा. त्यानं बादलीत डोकावून पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला. बाहेरचा मासा तळ्यात सोडला तर परवाना रद्द, हा नियम त्याच भिंतीवर निळ्या पाटीच्या शेजारी लिहिलेला. चार-दोनशेंपुढे दोनच वाटा होत्या. एक तर हा मासा आणलाय म्हणून सांगायचं, नाहीतर हा मासा पकडलाय म्हणून सांगायचं.

रखवालदार खूश झाला. त्यानं मासा स्वतः तोलला, दोन किलोच्या वर असल्यामुळे नियमाप्रमाणे वाजतगाजत पाण्यात सोडला, तोही सासऱ्यांच्या जागेपासून पार पलीकडच्या काठाला, आणि वहीत नोंद केली. तीनशे तेरा. सासरे आल्यावर त्यानं त्यांना आनंदाची बातमी दिली, की तुमचे जावई काय माणूस आहे, तासाभरात मारला. सासरे जावयाला शाबास म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी गळ टाकलाच नाही.

सोमवार उजाडला. अधिकारीबाई चार माणसं आणि भलंमोठं जाळं घेऊन आल्या. तळ्यावरची सगळी मंडळी जमली. दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता. छापखान्याचे मालक उगाचच घसा खाकरत होते. सगळ्यांचे चेहरे निकालाच्या दिवशीचे. फक्त चार-दोनशे मनातून निवांत होते. जाळंच काय ते सांगेल, आपण तोंड उघडायला नको, आणि सासऱ्यांनाही कळेल, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या ओढीत चिंगळी आली. टोपल्याच्या टोपल्या भरून, सगळी बोटाएवढी. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसरी ओढ तळाच्या दगडाला अडकली, जाळं कर्रकन फाटलं, आणि फाटता फाटता त्यात एक मोठा मासा वर आला. काठावर एकच कल्ला झाला. बाईंनी तोलला. दोन किलो अडीचशे. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

त्या म्हणाल्या, हा बघा, आहेत मासे. जाळं फाटलं म्हणून बाकीचे निसटले, खोलात बसले असतील. शेरा मारते, साठा समाधानकारक. त्यांनी पेन काढलं. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. छापखान्याच्या मालकांनी रुमाल खिशात घातला. सगळ्यांची अब्रू वाचली होती आणि चार-दोनशेंची तर व्याजासकट वाचली होती.

मागे सासरे उभे होते. ते कोणाला उद्देशून बोलले नाहीत. नुसते म्हणाले, "मासे आहेत म्हणजे. हातच गेलेत." आणि वाकून आपली गळाची दोरी गुंडाळायला लागले. घडी घालावी तशी नीट, कायमची.

चार-दोनशेंनी त्या हातांकडे पाहिलं. मग काय झालं ते त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. ते चिखलात दोन पावलं पुढे गेले आणि म्हणाले, "बाई, थांबा. तो मासा तळ्यातला नाही. मी बाजारातून आणलाय."

बाईंचं पेन थांबलं. चार-दोनशेंनी शेपटीची खाच दाखवली. वहीतली नोंद दाखवली, दोन किलो तीनशे. चार दिवसांत पन्नास ग्रॅम उतरलाय, म्हणाले, कारण या तळ्यात खायला काही उरलेलंच नाही. बाईंनी विचारलं, वजनाची एवढी खात्री कशी? ते म्हणाले, तराजूवर शिक्का माझा आहे, मी वजनमाप कार्यालयात असतो. बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

"आणि चार किलो दोनशे?" त्यांनी विचारलं.

"तो मी पाहिलासुद्धा नाही," चार-दोनशे म्हणाले, पण बाईंना नाही, सासऱ्यांना. "दोरी तुटली होती, बाकी सगळं मी लिहिलं. बाबा, तुमच्या हातांना काही झालेलं नाही. या तळ्यात मासाच नाही. दीड महिना तुम्ही रिकाम्या पाण्यात गळ टाकून बसलात, आणि मला ते माहीत होतं."

  मग डॉक्टर पुढे आले आणि आपले जोडे बघत म्हणाले की माझा अडीच किलोचा तेवढा खोडा. का लिहिला, विचाराल तर वजनमापवाल्यानंच चार लिहिले, तेव्हा मला वाटलं अडीच म्हणजे मी नम्रपणाच करतोय. छापखान्याच्या मालकांनी तीनावरून दीडवर यायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, इथे घासाघीस नाही. तेव्हा ते शून्यावर आले. मग रांगच लागली. खोडताना बाईंच्या पेनातली शाई संपली आणि रखवालदाराला पेन्सिल आणावी लागली. तासाभरात तीनशे तेरा माशांतला एकच उरला, आणि तो विकत आणलेला होता.

आपण सगळे खोटारडे आहोत असं सरकारी कागदावर सहीनिशी सिद्ध झाल्यावर माणसं इतकी मोकळी हसलेली त्या तळ्यानं पूर्वी कधी पाहिली नसतील. हसले नाहीत ते एकटे सासरे. ते फाटलेल्या जाळ्यापाशी उकिडवे बसून भोक बघत होते. बाई म्हणाल्या, राहू द्या आजोबा, ते आता दुरुस्तीला शहरात पाठवावं लागेल, महिना जाईल.

"दाभण आहे का कोणाकडे?" सासऱ्यांनी विचारलं.

रखवालदारानं पोत्यांचं दाभण आणि सुतळी आणून दिली. सासऱ्यांनी सुतळीचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका फटक्यात ओवलं. मग त्यांची बोटं अशी चालायला लागली की जाळं ओढणारी चौघं आपलं काम विसरून बघत बसली. मधेच मान वर न करता त्यांनी जावयाला टोक धरायला बसवलं, आणि धड ताणून धरत नाही म्हणून दोनदा रागावले. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरे त्यांना रागावले होते. चार-दोनशेंना इतकं बरं वाटलं की तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम सैल धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई कॉलरमध्ये होती. बायकोनं नवऱ्याला न मागता दुसरा चहा दिला.

शिक्षा झालीच. चार-दोनशेंचा परवाना सहा महिने बंद झाला, निळी पाटी उतरली. चिंगळीला 'बाळ आहे' म्हणून सोडायला बाईंनी बंदी केली. ती बाळं नव्हतीच, त्यांनी समजावून सांगितलं. वयानं थोराड होती. एवढ्याशा पाण्यात एवढी तोंडं, खायला पुरत नाही म्हणून खुरटलेली. मंडळींनी सहा वर्षं दया करून तळ्याची पार उपासमार केली होती. मग चिंगळी टोपल्यांनी बाहेर काढली, तिच्यावर जगणाऱ्या मोठ्या जातीची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आत सोडली, आणि नवा नियम झाला की दोन किलोच्या वरचा मासा एका साक्षीदाराच्या सहीशिवाय वहीत चढणार नाही. ते सहा महिने चार-दोनशे सासऱ्यांशेजारी आमिषाचा डबा धरून बसले. येणारे-जाणारे थांबून हवापाण्याचं बोलायचे आणि हसू दाबत पुढे जायचे. नाव मात्र चार-दोनशेच राहिलं. गाव एकदा दिलेलं नाव परत घेत नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी सासऱ्यांच्या दोन बोटांत दोरी हलली. त्यांनी घाई केली नाही. शिवण उसवावी तसं सावकाश ओढत आणलं आणि मासा काठावर टाकला. मासा कसा, हातभर. डॉक्टर, मालक, रखवालदार, सगळे गोळा झाले. वजन भरलं एक किलो चारशे वीस. मास्तरांनी सल्ला दिला की पहिलाच खरा मासा आहे, पाटीवर दीड लिहायला हरकत नाही. सासरे म्हणाले, मापात बोटभर खोटं आलं की कपडा अंगाला बसत नाही. नवी पाटी रंगली. १ किलो ४२० ग्रॅम, खाली सासऱ्यांचं नाव, ठळक. चार-दोनशे आता जाता-येता अनोळखी माणसांना थांबवून सांगतात, की हे आमचे सासरे बरं का.

आणि परवाचीच गोष्ट. भर दुपारी तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. रखवालदार जेवायला गेला होता. चार-दोनशेंच्या गळाला हिसका बसला, आणि या वेळी दोरी तुटली नाही. वीस मिनिटं झुंज चालली. शेवटी पाण्याबाहेर आला तो दोन्ही हातांत न मावणारा, जाडजूड, चकचकीत मासा. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. साक्षीला माणूस नाही. मिनिटभर ते नुसते बघत राहिले. मग गळ सोडवून त्यांनी मासा पाण्यात सोडला आणि वहीला हात न लावता घरी आले.

सासरे खिडकीशी बसून कोणाचा तरी कोट उसवत होते. चार-दोनशे शेजारी जाऊन बसले, आणि हळूच म्हणाले की आज एक मासा पकडला, मोठा होता, सोडून दिला. कोणी बघितलं नाही.

सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली. "किती भरला असेल?"

"कुणास ठाऊक. तोलला नाही," चार-दोनशे म्हणाले.

सासऱ्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आधी खांद्यांकडे, मग चेहऱ्याकडे. मग पहिल्यांदाच मोठ्यानं हसले आणि आत लेकीला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का गं, जावईबापूंनी आज मासा पकडला. वजन सांगत नाहीत, म्हणजे खराच होता."